लेकरू मिडफिल्डर व्हायचं म्हणतंय

"फुटबॉलमध्ये करिअर आहे का हो, सर?" मोसंबीची बाग व्यापाऱ्याला दिली की, नाहीतर कापसाची गाडी जिनिंगवर रिकामी झाली की, हा प्रश्न मला जास्त ऐकू येतो. हातात चार पैसे आलेले असतात, लेकराचे बूट फाटलेले असतात आणि कुठल्यातरी शहरातल्या अकादमीची जाहिरात कुणीतरी मोबाइलवर पाठवलेली असते. मी होच म्हणतो. करिअर आहे. पण ते कसं आहे, किती वर्षांचं आहे, त्यासाठी घरानं काय द्यायचं आणि काय अजिबात द्यायचं नाही, हे मैदानाच्या कडेला उभ्या उभ्या सांगता येत नाही. म्हणून घनसावंगी, रांजणी, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव इथल्या आईबापांशी आज थोडं निवांत बोलतो.

बहुतेक पोरांना गोल मारायचा असतो. तुमचं लेकरू आपणहून "मी मधे खेळणार" म्हणत असेल, तर त्याला खेळ जरा जास्त कळतो असं समजा. मधल्या फळीतला खेळाडू नव्वद मिनिटांत दहा ते बारा किलोमीटर पळतो आणि त्यातली फार थोडी मिनिटं चेंडू त्याच्या पायाशी असतो. उरलेला वेळ तो जागा भरत असतो, समोरच्याची वाट अडवत असतो. चेंडू येण्याआधीच मान वळवून आपल्या मागं कोण आहे, कोण मोकळा आहे, हे त्यानं बघून ठेवलेलं असतं. यातलं टीव्हीवर फारसं काही दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागं फिरतो. म्हणून घरी आल्यावर "किती गोल केले?" असं त्याला विचारू नका. तो प्रश्न त्याच्या कामाचा नाही, आणि रोज विचारलात तर तो पास द्यायचं सोडून उगाच लांबून चेंडू हाणायला लागेल. हे मी होताना पाहिलेलं आहे.

अंगानं बारीक आहे, ही दुसरी काळजी. क्रोएशियाचा लुका मोद्रिच लहानपणी इतका किरकोळ होता की हायदुक स्प्लिट या मोठ्या क्लबनं त्याला घेतलं नाही. २०१८ साली जगातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून बॅलन डी'ओर त्यालाच मिळाला. मधल्या फळीत उंचीपेक्षा नजर आणि दम लागतो. दम दूध-भाकरीनं, डाळ-अंड्यानं आणि झोपेनं येतो. त्यासाठी महागडे डबे आणायची गरज नाही.

आता कडू भाग. देशातली वरची लीग म्हणजे इंडियन सुपर लीग. २०२४-२५ च्या हंगामात तिच्यात तेरा संघ होते आणि त्यातला महाराष्ट्राचा एकच, मुंबई सिटी. मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळाडू चालतात. प्रशिक्षक त्यांना कुठं उभं करतात? एक पुढं, गोल मारायला, आणि हमखास एक-दोन मधे. खेळ चालवायची जी जागा तुमच्या लेकराला हवी असते, तिथं मोरोक्कोचा अहमद जाहू किंवा फ्रान्सचा ह्यूगो बूमूस उभा असायचा. म्हणजे भारतीय मिडफिल्डरला आधी देशातल्या पोरांशी आणि मग परदेशातून आलेल्या तयार गड्याशी झुंजावं लागतं. गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस त्या जागेवर टिकला. तोही मडगावातून दक्षिण आफ्रिकेतल्या अकादमीत जाऊन, मोठ्या दुखापतीतून परत उभा राहिल्यावर.

आणि क्लब तरी टिकतो का? कोल्हापूरच्या निखिल कदमचं उदाहरण घ्या. कोल्हापूर म्हणजे तालमींच्या नावानं फुटबॉल खेळणारं गाव. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार यांच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरतं. कडेनं वेगात पळणारा, मधल्या फळीचा हा पोरगा पुणे एफसीच्या अकादमीत तयार झाला. पुणे एफसी बंद पडला. पुढं तो डीएसके शिवाजियन्सकडून खेळला. तो क्लब २०१७ साली गुंडाळला गेला. मग त्यानं थेट कोलकाता गाठून मोहन बागानची जर्सी घातली, आणि त्यानंतर गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडची. त्याच्यात गुण होते म्हणून त्याला पुढचं दार उघडलं. त्याच संघांत त्याच्यासोबत सराव करणाऱ्या सगळ्यांना उघडलं नसणार. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये संपला, भारत एफसी २०१५ चा एकच हंगाम खेळला, मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत घसरून नाहीसा झाला, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला. दहा वर्षांत एवढे संघ एकट्या महाराष्ट्रातून पुसले गेले. आणि २०२५ साली तर खुद्द सुपर लीगच ठरल्या वेळी सुरू झाली नाही. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्या कराराचा घोळ मिटेना. बंगळुरूसारख्या नावाजलेल्या क्लबनं ऑगस्टमध्ये मुख्य संघाचे पगार थांबवले. सुनील छेत्रीचा क्लब तो! आपल्याकडं पाऊस फिरला तर वर्ष वाया जातं, हे तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको. या धंद्यातही तसंच आहे, एवढं आधीच माहीत असावं.

मग पाठवू नये का? तसं मी म्हणत नाही. आपल्या जिल्ह्यातून वर जाता येतं हे जालन्याच्या विजय झोलनं दाखवलंय. २०१४ च्या एकोणीस वर्षांखालील क्रिकेट विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. त्याच संघातले संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव पुढं भारताच्या मुख्य संघात गेले, झोल गेला नाही. एकोणिसाव्या वर्षी कर्णधार असलेल्या मुलाचंही पुढचं कुणाला सांगता आलं नाही, तर बाराव्या वर्षी तुमच्या लेकराचं भविष्य सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. माझ्यावरही नको.

घनसावंगीतून जायची वाट साधी आहे आणि ती सरकारी आहे. शाळेचा संघ सुब्रतो चषकात उतरवायचा. जिल्ह्याचे सामने, मग विभाग, मग राज्य. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करायची. तिथून क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्या कळतात. निवड झाली की पुण्याच्या बालेवाडीतल्या प्रबोधिनीत राहणं, जेवण, शाळा आणि सराव सगळं सरकारी खर्चात होतं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव याच वाटेनं पुढं गेला. रिक्षाचालकाचा मुलगा, प्रबोधिनीत शिकला आणि २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच संघात मणिपूरचा जॅक्सन सिंग होता. तो मिडफिल्डर. वडिलांना पक्षाघात झालेला, आई इंफाळच्या बाजारात भाजी विकायची. ९ ऑक्टोबर २०१७ ला कोलंबियाविरुद्ध त्यानं डोक्यानं मारलेला गोल हा फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. त्याच वर्षी आपल्या सरकारनं राज्यभरातल्या शाळांना फुटबॉल वाटले होते. त्यातले किती आज कपाटात हवा जाऊन पडलेत, हे एकदा मुख्याध्यापकांना जरूर विचारा.

मुलींच्या आईबापांनाही हेच सांगणं आहे. पुण्याची काजोल डिसूझा २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकासाठी भारताच्या संघात होती. मुलीसाठी मैदानावर जागा आहे, गर्दी मात्र मुलांइतकी नाही. घरातून होकार तेवढा हवा.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. वय चोरू नका. जन्मदाखल्यावर दोन वर्षं कमी करून लेकरू लहान गटात खेळवलं की ते चमकतं खरं, पण वर गेल्यावर मनगटाचा एक्स-रे काढतात आणि हाडं खोटं बोलत नाहीत. पकडलं गेलं की बंदी लेकरावर येते, दाखला करून आणणाऱ्यावर नाही.

शाळा सुटू देऊ नका. राज्य पातळीवरचं प्रमाणपत्र हाती असेल तर दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात आणि सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव असतात. पण त्या जागेसाठी त्या पदाला लागणारं शिक्षणही पूर्ण असावं लागतं. पूर्वी एअर इंडिया, महिंद्रा, रेल्वे, बँका खेळाडूला नोकरी द्यायच्या, बूट काढून ठेवले तरी पगार चालू राहायचा. आता करार असतो. तो एका किंवा दोन हंगामांचा, आणि गुडघा गेला की संपला.

गुडघ्याचं म्हणाल तर खालिद जमील यांच्याबद्दल वाचा. मुंबईच्या महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळलेले मधल्या फळीचे खेळाडू. दुखापतींनी तिशी ओलांडताच खेळ सुटला. २००९ मध्ये ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. २०१७ मध्ये त्यांनी आयझॉल या मिझोरामच्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. सगळ्यांचं असं होत नाही. पण मधल्या फळीत खेळलेल्या माणसाला अख्खं मैदान वाचायची सवय झालेली असते, म्हणून प्रशिक्षणाकडं वळणं त्याला जमतं. लेकराला विसाव्या वर्षीच प्रशिक्षकाचा पहिला परवाना काढायला सांगा. खेळत असतानाच काढता येतो.

आता त्या मोबाइलवरच्या जाहिरातीचं. अकादमीची महिन्याची फी ही शिकवणीची फी असते. परवडत असेल, मैदान आणि प्रशिक्षक स्वतः जाऊन पाहिले असतील, तर भरा. पण "क्लबमध्ये निवड करून देतो", "परदेशात ट्रायल लावतो", "अमुक लाख आणा, करार हातात देतो" असं कुणी म्हणालं, तर तिथंच उठा. क्लबला खरोखर हवा असलेला खेळाडू क्लब स्वतः पैसे मोजून घेतो, त्याच्या बापाकडून मागत नाही. प्रबोधिनीच्या चाचणीत लेकरू बसलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा न्या, सोळा-सतरापर्यंत न्या, गाडीभाडं आणि बुटांचा खर्च करा, सुट्टी काढून सामना बघायला या. तेवढं त्याचं तुमच्याकडं देणं आहे. निवडीसाठी मात्र कुणालाही एक रुपया देऊ नका आणि वावर गहाण टाकू नका.