संगणकाचे घड्याळ व बिनतारी जोडणी

शाळेतील जुना संगणक सुरू करताच कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दिसावी, आणि वायफाय जोडलेले असूनही संकेतस्थळे उघडू नयेत, असा प्रकार पुष्कळदा घडतो. दोष राउटरचा ठरवून तोच बदलण्याचे घाटते. वस्तुतः दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते.

वीज बंद असताना संगणकाचे घड्याळ मदरबोर्डवरील ३ व्होल्टच्या चपट्या सेलवर चालते. हा सेल बहुधा सीआर २०३२ जातीचा असतो. तो क्षीण झाला की वीज जाताच घड्याळ मागे पडते. सुरक्षित संकेतस्थळे आपल्या ओळखीदाखल मुदतीचे प्रमाणपत्र सादर करतात. संगणकाच्या लेखी साल २०१० असेल, तर आजचे प्रमाणपत्र अद्याप लागूच झालेले नसते. साहजिकच तो ते नाकारतो.

म्हणून शिक्षकांनी प्रथम तारीख, साल व भारतीय प्रमाणवेळ हाताने लावावी. संकेतस्थळे उघडली, तर निदान झाले. मग संगणक बंद करून, वीजतार काढून, जुना सेल कोणत्या बाजूने बसला होता ते पाहून नवा तसाच बसवावा व तारीख पुन्हा लावावी. लॅपटॉप मात्र जाणकाराकडूनच उघडवावा.

वायफायचे नावच दिसत नसेल, तर तो दोष निराळा. वीज नुकतीच आली असल्यास राउटरला काही मिनिटे द्यावीत. विमान-मोड चालू नाही ना, हेही पाहावे.

काढलेला सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये. तो गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. अशा वेळी बालकास तत्काळ रुग्णालयात न्यावे.