‘पायाला मुंग्या येतात’ हे पोर्तुगीजमध्ये कसं सांगायचं?

आम्ही राहुरीचे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि नगर जिल्ह्यातली कितीतरी घरं साखरेवर चालायला लागली, त्यातलं आमचं एक. सासरे कारखान्यात फिटर होते, आमचे हे बॉयलरचे इंजिनियर. २०१२ च्या एप्रिलमध्ये यांना ब्राझीलमध्ये काम मिळालं. हे, मी, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, असे आम्ही पाच जण साओ पाउलो राज्यातल्या सेर्ताँवझिन्यू या गावी राहायला गेलो. साखर कारखान्यांची यंत्रं बनवण्यासाठी हे गाव ब्राझीलभर प्रसिद्ध आहे. गावाच्या चारी बाजूंना ऊसच ऊस. साडेचार वर्षं काढली. आता इकडून बाहेर निघालेली माणसं विचारतात, भाषेचं कसं केलंत? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. आधी कान, मग तोंड.

निघण्याआधी दोन महिने मी पुस्तकातून शब्द पाठ केले होते. तिथे पोचल्यावर त्यातला एकही कानाला ओळखू येईना. शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ तिकडे ‘ह’ होतो आणि लिहिलेला ‘ह’ उच्चारतच नाहीत. आमच्या कागदांवर गावाचं नाव रोमन लिपीत होतं. नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंनी ते वाचलं, ‘हाउरी’. आत्याबाईंना वाटलं, दुसऱ्याच कुणाचे कागद त्यांच्या हातात गेलेत. तसंच ‘ती’चं ‘ची’ आणि ‘दी’चं ‘जी’ होतं. दुधाला ‘लेइची’, सकाळच्या नमस्काराला ‘बों जीया’.

मग मी पुस्तक मिटलं आणि रोज सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत रांगेत उभी राहायला लागले, पाव हवा असो नसो. पुढची माणसं कसं मागतात, पैसे देताना काय म्हणतात, ते ऐकायचं. तीन आठवड्यांनी माझ्या तोंडून एक अख्खं वाक्य गेलं आणि समोरच्या बाईंनी पुन्हा न विचारता पाव बांधून दिले. त्या दिवशी घरापर्यंत मी जवळजवळ पळतच आले.

२. ओळखीचे शब्द हाताशी धरा, पण पारखून घ्या.

पोर्तुगीजांचे शब्द घाट चढून कधीच आपल्या गोठ्यापर्यंत आलेले आहेत. चावी, बादली, पगार, लिलाव, पाव, बटाटा, बंब, घमेलं, पिंप. आत्याबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. हे शब्द तिकडचेच आहेत असं मी सांगितलं, तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. एकदा दुकानात त्यांनी हाताने गोल आकार दाखवत ‘घमेलं’ म्हटलं. दुकानदार आत गेला आणि लाकडात कोरलेली परात घेऊन आला. ‘गामेला!’ तो म्हणाला. आत्याबाईंनी ती विकत घेतली. गरज नव्हती, पण मी अडवलं नाही. त्या परक्या मुलखात त्यांचा पहिला शब्द कुणीतरी समजून घेतला होता.

हेच शब्द फसवतातही. मी ‘कोउवी’ मागितली, तर हाती आली गर्द हिरव्या रुंद पानांची जुडी. आपल्या कोबीला तिथे ‘हेपोल्यू’ म्हणतात. ‘पेरा’ म्हणजे नासपती, पेरू नव्हे. अननस हे नाव मुळात दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींचं. पोर्तुगीजांनी ते आपल्यापर्यंत आणून पोचवलं, आणि ब्राझीलमध्ये मात्र त्या फळाला म्हणतात ‘अबाकाशी’. पाण्याच्या टँकरला ‘कामिन्याँव-पीपा’ म्हणतात. पारनेर-पाथर्डीकडचा उन्हाळा ज्याने पाहिलाय, त्याला हा शब्द एकदाच सांगावा लागतो. पण ‘पीपा’ म्हणजे पतंगसुद्धा. जुलैच्या सुट्टीत आमचा मुलगा ओरडत घराबाहेर पडायचा, ‘आई, मी पिंप उडवायला चाललो!’

३. काही गोष्टी चुकूनच कळतात. माझ्या चुका घ्या, तेवढ्या तुमच्या वाचतील.

दारावरचा जो शब्द ‘पुशी’ असा वाचला जातो, त्याचा अर्थ ‘ओढा’. इंग्रजीची सवय झालेला हात ढकलतच राहतो. फोन नंबर सांगताना सहाला ‘मेया’ म्हणतात. ‘मेया’ म्हणजे अर्धा. अर्धा डझन, म्हणून सहा. हे माहीत नसल्यामुळे मी मुलाच्या शाळेचा नंबर चुकीचा लिहून घेतला होता, आणि ते कळलं तेव्हा तो तापाने फणफणून शाळेत बसला होता. शाकाहारी असाल, तर ‘कार्नी नको’ एवढ्याने भागत नाही. कार्नी म्हटलं की त्यांच्या मनात गाईबैलाचं मांस येतं. कोंबडी आणि हॅम त्यात धरत नाहीत. एकेकाचं नाव घेऊन विचारा.

४. मराठी बाजूला ठेवू नका, तिचाच आधार घ्या.

आभार मानताना पुरुष म्हणतो ‘ओब्रिगादू’ आणि बाई म्हणते ‘ओब्रिगादा’. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागतं. आपण ‘मी आलो’, ‘मी आले’ म्हणतच वाढलेलो असतो. प्रत्येक वस्तूला लिंग असणं हेही आपल्याला नवं नाही. उलट, तिथे दोनच लिंगं आहेत, नपुंसकलिंग नाही. फक्त आपला ऊस तिकडे स्त्रीलिंगी आणि साखर पुल्लिंगी, एवढं ध्यानात ठेवायचं. वडीलधाऱ्यांच्या नावाआधी ‘सेउ’ किंवा ‘दोना’ लावतात, आपल्या राव-बाईंसारखं. बालवाडीतली मुलं बाईंना ‘चीया’ म्हणजे मावशी म्हणतात. आमचा मुलगा पहिल्याच आठवड्यात रुळला, कारण त्याला शाळेत मावशी मिळाली होती.

५. कामाची भाषा कामावरच येते.

यांनी एकही वर्ग लावला नाही. तिकडचा गळीत हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालतो, म्हणजे आपला पट्टा पडतो तेव्हा त्यांची गव्हाण सुरू. गेल्या गेल्या हे हंगामाच्या तोंडावरच सापडले. खडूने जमिनीवर नळ्या काढून दाखवायच्या, समोरचा त्या भागाचं नाव सांगणार, हे ते तळहातावर लिहून आणणार. रात्री यांनी हात धुवायच्या आधी मी ते वहीत उतरवायची. ‘बागासू’ म्हणजे चिपाडाचा भुसा, ‘साफ्रा’ म्हणजे हंगाम. एक शब्द मात्र यांनी वेगळ्या आवाजात सांगितला होता: ‘बोया-फ्रीया’, थंड जेवण. पहाटे डबा बांधून निघणारे आणि दुपारी फडात तो थंडच खाणारे ऊसतोड मजूर, त्यांना हे नाव पडलं. आता तिथली तोडणी बहुतेक यंत्रावर गेली आहे. पण शब्द राहिला, आणि तो ऐकून आम्हाला टायरगाडीखाली बसून भाकरी खाणारी पाथर्डीकडची माणसं दिसली.

६. मुलांना दुभाषी करू नका.

ही माझी सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सहा महिन्यांत मुलगी घडाघडा बोलायला लागली. आम्हाला कौतुक वाटायचं. घरमालकाचं पत्र आलं की तिने वाचायचं, बँकेत तिने पुढे व्हायचं. डिसेंबरात आत्याबाईंचे पाय बधिर व्हायला लागले, म्हणून आम्ही सरकारी आरोग्य केंद्रात गेलो. परदेशी माणसालाही तिथे मोफत तपासतात. मुलगी सोबत होतीच. आत्याबाई म्हणाल्या, ‘पायाला मुंग्या येतात म्हणावं.’ पोरगी क्षणभर थांबली. हा वाक्प्रचार तिला तिकडच्या भाषेत माहीत नव्हता. तिने जसाच्या तसा सांगितला: आज्जीच्या पायात मुंग्या आहेत. मला वाटलं, आता डॉक्टरीणबाई हसतील. त्या हसल्या नाहीत. मान हलवून त्यांनी कागदावर लिहिलं, ‘फोर्मिगामेन्तू’. मुंगीला ते ‘फोर्मीगा’ म्हणतात. मुंग्या तिकडेही येतात, आणि मुंग्याच येतात.

मग त्यांनी आत्याबाईंच्या तळपायावर कापसाचा बोळा फिरवला, कळतंय का विचारलं, रक्तातली साखर तपासायला सांगितली. शेवटी विचारलं, आणखी काही त्रास? मुलीने मराठीत विचारलं. आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, ‘काही नाही.’

दोन महिन्यांनी न्हाणीघराच्या खिडकीत, बादलीच्या मागे, पिळून वाळत घातलेली फडकी मला दिसली. जुन्या लुगड्याच्या चिंध्या होत्या. धुऊनही डाग पुरते गेले नव्हते. आत्याबाईंची पाळी जाऊन बारा वर्षं झाली होती. मी विचारलं, कधीपासून? दिवाळीपासून, त्या म्हणाल्या. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा का नाही बोललात? त्या म्हणाल्या, ‘पोरीच्या तोंडून हे कसं वदवू?’

त्या रात्री मुलीलाही मी जवळ घेतलं. तेव्हा कळलं की दवाखान्यात जायचं असलं की आदल्या रात्री तिला झोप लागत नाही. आपण चुकीचं सांगितलं तर आज्जीला चुकीचं औषध मिळेल, या भीतीने ती अंथरुणात शब्द घोकत पडून राहायची. भाड्याची ओढाताण, यांच्या कामाची मुदत, सगळं तिला ठाऊक होतं, कारण पत्रं तीच वाचत होती. नऊ वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर आम्ही अख्खं घर ठेवलं होतं आणि वर तिचं कौतुक करत होतो.

७. पहिले शब्द शिका ते दुखण्याचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारच्या आजींचं दार वाजवलं. त्या निवृत्त शिक्षिका. मोडक्यातोडक्या भाषेत, हाताने दाखवत, मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला टेबलाशी बसवलं आणि एका कोऱ्या वहीत एकेक शब्द लिहून दिला. रक्त जाणं, ‘सांग्रामेन्तू’. कळ येणं, ‘पोन्तादा’. जळजळ, ‘केइमासाँव’. कधीपासून, किती वेळा, रंग कसा. प्रत्येक शब्द माझ्याकडून दहा-दहा वेळा म्हणून घेतला. डाव्या पानावर मी मराठी लिहीत गेले. आपल्याकडे दुखण्याला केवढे शब्द आहेत, हे मला तेव्हा जाणवलं: ठणका, चमक, कळ, मुरडा, सणक, कणकण. त्यातल्या प्रत्येकाला तिकडचा जोडीदार शोधता शोधता दोन तास गेले.

तीन दिवसांनी आत्याबाई आणि मी दोघीच गेलो. मी वही उघडून बोलले, अडखळत, पण सगळं बोलले. तपासण्या झाल्या, एक लहान गाठ निघाली, ती साधी होती, काढून टाकली. तिचा अहवाल येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते आम्हालाच माहीत.

याच आजींनी मला पुढे गार्सिया द ओर्ताची गोष्ट सांगितली. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला. त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्यात हिंग आहे, आंबा आहे. ‘त्याच्या पुस्तकात तुमच्या भागातला एक राजा येतो,’ असं म्हणून त्यांनी पान काढलं. तो राजा म्हणजे आमच्या नगरचा बुऱ्हाण निजामशहा. ओर्ता त्याच्यावर उपचार करायला जात असे. त्याने लिहून ठेवलंय की निजामशहाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवली आणि त्याने निजामशहाला लॅटिन नावं. मी किती वेळ ते पान धरून बसले होते. साडेचारशे वर्षांपूर्वी आमच्या नगरात एक बादशहा आणि एक परदेशी वैद्य समोरासमोर बसून एकमेकांना दुखण्यांची नावं शिकवत होते, आणि सेर्ताँवझिन्यूतल्या एका स्वयंपाकघरात आम्ही दोघी बायका तेच करत होतो.

त्यानंतर मुलीला आम्ही दुभाष्याच्या कामावरून कायमचं मोकळं केलं. पत्रं मी वाचायची, शब्दकोश घेऊन, चार दिवस लागले तरी. आठवड्यातून तीन दुपारी आजींकडे जायची. त्या बदल्यात आत्याबाई त्यांना पुरणपोळी करून घालायच्या. हरभऱ्याची डाळ मात्र साओ पाउलो शहरातून आणावी लागायची.

८. घरात मराठीच.

हे बोलायला सोपं आहे. तिसऱ्या वर्षी दोन्ही मुलं आपसात पोर्तुगीजमध्येच भांडायला लागली. आम्ही रागावलो नाही, पण आत्याबाईंशी बोलायचं तर मराठीत, हा एकच नियम पाळला. आज्जी नसती तर मुलाची मराठी टिकली नसती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हातारं माणूस सोबत न्यायला लोक घाबरतात. शक्य असेल तर न्या.

९. वही पुढे द्या.

गेल्या वर्षी आमच्या नात्यातली एक मुलगी लग्न होऊन पोर्तुगालला गेली, लिस्बनच्या नदीपलीकडे अल्मादाला. निघण्याआधी ती वही मागायला आली. आम्ही दोघींनी बसून ती तपासली, कारण पोर्तुगालची बोली वेगळी. रेल्वेचं, बसचं नावसुद्धा तिकडे निराळं. ‘अबाकाशी’ खोडून तिथे मी ‘अनानाश’ लिहिलं. आपला अननस तिला तिथे मागता येईल. दुखण्याच्या पानांना हात लावावा लागला नाही.

महिनाभराने तिने फोटो पाठवला. तिच्या भागातलं मोठं सरकारी हॉस्पिटल, आणि पाटीवर नाव, गार्सिया द ओर्ता. मी तो आत्याबाईंना दाखवला, हा आपल्या नगरला येऊन गेलेला वैद्य म्हणून सांगितलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन पाटी नीट पाहिली आणि विचारलं, ‘पोरीला सगळं सांगता येतं ना तिथं?’