आवारात झाड लावण्यापूर्वी

नवा कारखाना किंवा गोदाम उभे राहिले की आवारात झाडे लावण्याचा विचार येतो. रोपवाटिकेत बहुधा कोनोकार्पस पुढे केले जाते. पाणी बेताचे लागते आणि थोड्याच काळात हिरवी भिंत तयार होते. आखाती देशांत राहून आलेल्या बांधवांनी ते ‘दमास’ या नावाने रस्त्याकडेला पाहिले असेल. परंतु आम्ही कापडवाले ठाण उलटून मागची बाजू पाहतो. झाडाची मागची बाजू म्हणजे त्याची मुळे. कोनोकार्पसची मुळे पाण्याच्या शोधात गटाराच्या नळात शिरतात, जमिनीखालच्या केबलना इजा करतात. परागामुळे सर्दी-खोकला, दमा बळावतो, हीही तक्रार आहे. याच कारणांवरून गुजरातच्या वनखात्याने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीस मनाई केली.

सुबाभूळ आणि पिचकारी यांचा दोष निराळा. ही झाडे लावलेल्या जागी राहत नाहीत. सुबाभळीच्या शेंगांतून बी सगळीकडे पडते, बुंधा तोडला तरी पुन्हा फुटतो. पिचकारी दिसायला देखणी, फुले लाल-केशरी. पण बी वाऱ्यावर उडते आणि लाकूड ठिसूळ. वादळात फांदी मोडली व खाली मालाची गाडी असली, तर नुकसानीचा हिशेब ज्याचा त्याने करावा. जगातील शंभर उपद्रवी आक्रमक जीवांच्या प्रसिद्ध यादीत ही दोन्ही आहेत.

मग लावावे काय? शोभेसाठी बहावा किंवा ताम्हण. ताम्हण तर महाराष्ट्राचे राज्यफूल. सावलीसाठी करंज, कडुनिंब. मात्र भिंतीपासून लांब. बकुळ सावकाश वाढते, एवढाच तिचा अवगुण. कुंपणाला मेंदीसारखे दुसरे नाही. छाटावी तितकी दाट होते आणि पाला घरात कामी येतो. आमचा स्वतःचा ओढा पळसाकडे, कारण त्याच्या फुलांच्या पिवळ्या-केशरी रंगात कापड रंगते. जागा मोकळी असेल तरच लावावा.

निवड आधीच करावी, कारण आपल्या शहरांत १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. लावताना कोणी विचारत नाही, काढताना अर्ज द्यावा लागतो. कोनोकार्पस आधीच उभे असेल तर तो अर्ज करावा, आणि तोवर गटाराचे सांधे वरचेवर उघडून पाहावेत. नव्या रोपासाठी खड्डे उन्हाळ्यातच खणून ठेवावेत, म्हणजे पहिले दोन पाऊस झाले की लागवड करता येते.