जुन्या कोंबड्यांत नव्या तलंगा कशा मिसळाव्यात?

परसातील आठ-दहा कोंबड्यांपैकी काही म्हाताऱ्या होतात, काही विकल्या जातात, एखादी मुंगसाच्या तोंडी पडते. त्यामुळे अधूनमधून नव्या तलंगा घेणे भागच असते. त्या बहुधा आठवड्याच्या बाजारातून आणल्या जातात व त्याच सायंकाळी जुन्या कोंबड्यांत सोडल्या जातात. पुढे एखादी टोचून जखमी होते, दुसरी अन्नावाचून सुकते, आणि क्वचित रोग शिरून सारे खुराडे रिकामे होते. अंड्यांच्या पैशावर मीठमिरची व मुलांच्या वह्यापुस्तके भागविणाऱ्या गृहिणीस हे नुकसान जड जाते. पुढील क्रम पाळल्यास ते बव्हंशी टळते.

भांडणाचे कारण

प्रत्येक कळपात कोंबड्यांची मानाची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेचे शास्त्रज्ञ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२१ साली हिचे वर्णन केले. वरच्या मानाची कोंबडी आधी खाते व खालचीला टोचते. खालची मुकाट्याने बाजूस होते. नवी तलंग आली की तिची जागा ठरेपर्यंत टोचाटोची होणारच. मात्र या काळात तिचे दाणापाणी तुटू नये व तिला जखम होऊ नये, एवढी काळजी पाळणाऱ्याने घ्यावयाची असते.

पहिली पायरी : वेगळे ठेवणे

नव्या तलंगा तीन ते चार आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूस ठेवाव्यात. राणीखेत अर्थात मानमोडीची लक्षणे लागण झाल्यापासून साधारणतः २ ते १५ दिवसांत दिसतात. म्हणून दोनचार दिवसांचे वेगळेपण पुरत नाही. दाणापाण्याची भांडी निराळी असावीत. प्रथम जुन्या कोंबड्यांचे काम उरकावे, मग नव्यांचे, व नंतर हातपाय धुवावेत. पंखांखाली उवा-गोचिडी आहेत का, हे पाहावे. याच मुदतीत पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने लस टोचून घ्यावी व जंताचे औषध पाजावे.

दुसरी पायरी : दृष्टीची ओळख

त्यानंतर सातआठ दिवस जाळीच्या आडोशाने दोन्ही कळप एकमेकांस दिसतील असे ठेवावेत. जाळी नसल्यास तलंगा दिवसा अंगणात डालीखाली ठेवाव्यात.

तिसरी पायरी : एकत्र करणे

तलंगांचे अंग जुन्या कोंबड्यांच्या जवळपास भरल्यावरच त्यांस मिसळावे. लहान पिले मिसळू नयेत. एकटी तलंग कधीही सोडू नये; दोन-तीन एकदम सोडाव्यात, म्हणजे मार वाटला जातो. अंधार पडल्यावर त्यांस खुराड्यातील दांडीवर अलगद बसवावे. कोंबडीस अंधारात दिसत नसल्याने रात्र शांत जाते. पहाटे उजाडताच दार उघडावे. बंद खुराड्यात पळण्यास वाव नसतो व तेथेच मोठ्या जखमा होतात. काही दिवस दाणे अंगणभर विखरून टाकावेत, आणि पाणी व खाद्य किमान दोन ठिकाणी, एकमेकांपासून दूर ठेवावे.

अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात चुन्याचा अंश बराच असतो. तो वाढत्या तलंगांच्या मूत्रपिंडास अपाय करतो. म्हणून सर्वांस वाढीचे खाद्य द्यावे व शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंड्यावरील कोंबड्या तो गरजेप्रमाणे खातात.

रोजची तपासणी

सायंकाळी प्रत्येक तलंगेची मानेखालची अन्नपिशवी चाचपावी. ती भरलेली असल्यास चिंता नाही; रिकामी लागल्यास तिला खाऊ दिले जात नाही असे समजावे व निराळे खाऊ घालावे. रक्त दिसताच जखमी तलंग बाजूस काढावी, कारण रक्ताचा लाल रंग पाहून इतर कोंबड्या अधिक टोचतात. एकच कोंबडी सतत मारीत असल्यास तिलाच तीनचार दिवस डालीखाली कोंडावे. परत आल्यावर तिचा पूर्वीचा तोरा बहुधा उतरतो. दोन आठवड्यांत कळप स्थिरावतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा सल्ला बाजाराच्या आदल्या दिवशी, आणि कोंबड्या प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या गृहिणीसच द्यावा. तलंगा घरी येण्यापूर्वी त्यांची वेगळी जागा तयार असली, म्हणजे पुढील सर्व काम सोपे होते.