पाहुण्याच्या डोळ्यांनी आपले घर

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाची सहल अजिंठ्याला गेली. लेण्यांत शिरल्यावर सगळ्या जणी माना वर करून छतावरची चित्रे पाहत होत्या. हे फूल कोणते, हा रंग कशाचा, इतक्या अंधारात काढले कसे, असे प्रश्न संपत नव्हते. परतताना बसमध्ये आम्ही सहज विचारले, "आपल्या घराच्या छताकडे शेवटचे कधी पाहिले?" आधी हशा पिकला. मग एक ताई हळूच म्हणाली, "पोराच्या अंथरुणावर दोन पावसाळे ओल उतरतेय. त्याला दम लागतो. पण वर कधी पाहिलं नाही बघा."

असे का होते? रोज तेच दिसले, तोच वास आला, की मेंदू त्याची दखल घेणे सोडून देतो. नाल्याशेजारी राहणाऱ्याला नाल्याचा वास येत नाही, पाहुण्याला दारातच येतो. नवीन गावी आपण सावध असतो, विचारत असतो. घरी आलो की डोळे उघडे असतात, पण पाहणे थांबते. आणि बरेचसे आजार आपण पाहत नाही तिथेच वाढतात.

हे आम्ही स्वतः भोगले आहे. साधारण अठरा वर्षांपूर्वी आम्ही दवाखान्यात नोकरीला होतो. दिवसभर बायकांच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून रक्त कमी आहे का, ते तपासायचो. घरी आई दुपारी भिंतीला टेकून बसायची, तांदूळ निवडता निवडता मूठभर कच्चेच तोंडात टाकायची. आम्हाला वाटायचे, आईची सवय. एकदा गावाकडची मावसबहीण दोन वर्षांनी आली. उंबऱ्यातच म्हणाली, "मावशे, अगं किती पांढरी पडलीस!" दुसऱ्या दिवशी तपासणी केली. हिमोग्लोबिन ६.२ निघाले. बाईचे ते १२ च्या खाली गेले की रक्त कमी धरतात, ८ च्या खाली म्हणजे धोका. आईच्या अंगावरून कित्येक महिने जास्त जात होते. "पाळी जायच्या वयात असंच असतं," म्हणून ती बोलली नव्हती आणि आम्ही विचारले नव्हते. रक्त चढवावे लागले, गर्भाशयातल्या गाठीवर उपचार झाले, आई बरी झाली. पण जे नर्सला दिसले नाही ते पाहुणीला दिसले, हे आम्ही विसरलो नाही. कच्चे तांदूळ, माती, राख, खडू खावासा वाटणे हे अंगात लोह कमी असल्याचे लक्षण असू शकते, हे आम्ही पुस्तकात शिकलो होतो. घरात मात्र ओळखले नाही.

म्हणून आता महिन्यातून एका रविवारी आम्ही तासभर आपल्याच घरात पाहुण्यासारखे शिरतो. तुम्हीही करून पाहा. एक वही, पेन आणि बॅटरी घ्या. मुलांना बरोबर घ्या, त्यांचे डोळे अजून ताजे असतात.

आधी पंधरा मिनिटे बाहेर फिरून या. मग दारात उभे राहून नाकाने घर पाहा. कोंदट, ओलसर, धुराचा, गॅसचा, जो वास येईल तो लिहा. थोड्या वेळाने तोच वास येईनासा होईल. तो गेलेला नसतो, नाकाला त्याची सवय झालेली असते.

मग पाणी साठते त्या सगळ्या जागा मोजा. ड्रम, हंडे, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लँटची बाटली, पत्र्यावरचे टायर. प्रत्येकात बॅटरी मारा. वळवळणारे बारीक किडे दिसले तर ती डासांची पिल्ले आहेत. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करायचे. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसते ओतून भागत नाही, घासावे लागते. आपल्याकडे नळ एक दिवसाआड येतो, पाणी फेकणे परवडत नाही. मग नळ यायच्या दिवशी ड्रम तळाला गेला की आधी घासा, मग भरा, आणि तोंडाला जुने सुती कापड घट्ट बांधा.

नंतर औषधांचा डबा. मुदत संपलेली, अर्धवट राहिलेली, कोणासाठी आणली ते आठवत नाही अशी औषधे वेगळी काढा. फिनेल, रॉकेल, ॲसिड पाण्याच्या बाटलीत भरून ठेवले आहे का, ते पाहा. मूल ते पाणी समजून पिते.

शेवटी माणसे. दोन वर्षांपूर्वीच्या लग्नातला फोटो काढा आणि आजचा चेहरा शेजारी धरा. कोणाच्या बांगड्या सैल झाल्या? कोणाची पापणी आतून पांढरी आहे? कोण दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकते आहे? त्याची थुंकी तपासा, सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषध मोफत असते. कोणाच्या अंगावर फिकट चट्टा आहे आणि तिथे स्पर्श कळत नाही? तेही दाखवा, कुष्ठरोग लवकर सापडला तर पूर्ण बरा होतो.

मग गल्लीकडे वळा. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने सहाशेहून अधिक माणसे दगावली. घाणेरड्या हवेने कॉलरा होतो, असे तेव्हा बहुतेक जण मानत. तिथून जवळच राहणारे डॉक्टर जॉन स्नो दारोदार गेले आणि साधे प्रश्न विचारले. कोण आजारी पडले? पाणी कुठले प्यायले? आणि कोण आजारी पडले नाही? शेजारच्या दारूच्या कारखान्यातले कामगार वाचले होते, कारण ते त्या पंपाचे पाणी पीतच नव्हते. शेवटी पंपाचा दांडा काढण्यात आला. रोजच्या गल्लीत नव्याने विचारलेल्या प्रश्नांनी हे घडले. आपल्या गल्लीत चार घरांत एकदम जुलाब लागले तर आपणही विचारू या, या चार घरांची पाइपलाइन कुठून येते? गटारातून जाते का? उत्तर लिहून घ्या, म्हणजे वॉर्ड ऑफिसात दाखवता येते.

एक सावधगिरी. जिज्ञासा म्हणजे उणीदुणी काढणे नव्हे. वही घेऊन सुनेचे स्वयंपाकघर तपासू नका, तिच्याबरोबर पाहा. "घाण का ठेवलीस?" असे नको. "हे इथे कधीपासून आहे गं?" असे विचारा. आजाऱ्याला "तुला काय झालंय?" म्हणण्यापेक्षा "झोप लागते का? जिना चढताना दम लागतो का?" असे विचारले तर माणूस बोलतो. आमची आईही बोलली असती.

एका रविवारी सगळे होणार नाही. वहीत तारीख टाका, तीन गोष्टी लिहा, त्यातली एक त्याच आठवड्यात दुरुस्त करा. त्या ताईने पत्र्याची भेग बुजवून घेतली, अंथरूण दुसऱ्या भिंतीला हलवले आणि मुलाला दवाखान्यात दाखवले. वही घेऊन ती पुढच्या बैठकीला आली, तेव्हा तिच्या यादीत अजून दोन गोष्टी बाकी होत्या.