पापड कशात बांधावेत?

प्रश्न : मी सिहोऱ्यात (ता. तुमसर) घरीच तांदळाचे पापड, कुरडया करते. प्लास्टिक आणि सरपण दोन्ही कमी करायचंय. काय करू?

उत्तर : ताई, आधी इंधन बघा, कारण तिथे धूर तुमच्याच डोळ्यांत जातो. तुमसरचा परिसर भातगिरण्यांचा. धानाचा कोंडा सहज मिळेल. मात्र तो साध्या चुलीत धुपतो. त्यासाठी खालून हवा खेळणारी कोंड्याची शेगडीच हवी, तीही उघड्यावर. जळालेल्या कोंड्याची सुमारे पाचव्या हिश्शाइतकी राख उरते. ती भांड्यांना, परसबागेला चालते. वाळवणाला ऊन आहेच. धूळ-माश्यांसाठी वर जुनं, धुतलेलं सुती लुगडं ताणा.

आता पिशवी. इथे हट्ट नको. पापड ओल धरतो, म्हणून कागदात फार टिकत नाही आणि वाया गेलेला पापड हाही कचराच. गावातल्या गिऱ्हाइकाला स्वतःचा डबा आणायला सांगा, दोन पापड जास्त द्या. नागपूरला पाठवायचे तर एकाच प्रकारच्या प्लास्टिकची जाड पिशवी घ्या. चकचकीत चंदेरी पाकीट भंगारवालाही घेत नाही. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या बऱ्याच पिशव्या घरच्या उकिरड्यात कुजत नाहीत, उगाच जास्त पैसे मोजू नका. वर्तमानपत्रात तर मुळीच बांधू नका, शाई अन्नाला लागते. चवीपुरता नमुना द्यायला पळसाचा द्रोण उत्तम.

अन्नपदार्थ विकता, तेव्हा ‘एफएसएसएआय’ची नोंदणी केली नसेल तर आधी ती करा.