उतारा सोपा, प्रश्न अवघड

आठवी ते दहावीला मराठी शिकवताना वाचन-लेखनाच्या चाचण्या काढणं हे मला नेहमीच सर्वांत जबाबदारीचं काम वाटत आलं आहे. मूल वर्षभर काय आणि कसं वाचणार, हे शेवटी पेपरच ठरवतो. नव्याने प्राश्निक होणाऱ्या शिक्षकांसाठी काही अनुभवाचे बोल.

१. आधी अध्ययन निष्पत्तीतलं क्रियापद वाचा.
बालभारतीच्या पुस्तकात अध्ययन निष्पत्ती छापलेल्या असतात, पण पेपर काढायला बसलं की ते पान उलटून आपण थेट धड्यांकडे जातो. तिथं अपेक्षा असते ती तुलना करण्याची, तर्क करण्याची, स्वतःचं मत मांडण्याची. आपण मात्र ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ असं विचारून मोकळे होतो. संविधान तक्त्यात घटक आणि गुण यांच्या शेजारी मी एक रकाना वाढवते : हे उत्तर लिहिताना मूल नेमकं काय करेल? त्या रकान्यात ‘धड्यातलं वाक्य आठवेल’ एवढंच लिहिता आलं, तर तो प्रश्न वाचनाच्या चाचणीतून बाद.

२. उतारा सोपा ठेवा, काठिण्य प्रश्नात आणा.
हा उतारा पाहा : ‘आईनं टोपलीतली शेवटची भाकरी धाकट्याच्या ताटात वाढली. मला आज भूकच नाही, असं म्हणून ती तांब्याभर पाणी प्यायली.’ यात आठवीच्या मुलाला अडेल असा एकही शब्द नाही. ‘भाकरी कोणाला वाढली?’ हा प्रश्न शब्दाला शब्द जुळवून सुटतो. ‘आईला खरंच भूक नव्हती का? कशावरून म्हणता?’ असं विचारलं, की वर्ग थांबतो. काही मुलं लिहितात, ‘नव्हती, कारण ती तसं म्हणाली.’ काही ‘शेवटची’ या शब्दावर बोट ठेवतात, तर काही पाण्याच्या तांब्यावर. ‘कशावरून’ हा शब्द प्रश्नात नसेल, तर अंदाजानं दिलेलं उत्तर आणि वाचून दिलेलं उत्तर वेगळं करता येत नाही. याउलट, जड संस्कृतप्रचुर उतारा घातल्यानं पेपर कठीण दिसतो खरा, पण ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत त्यांनाच तो साथ देतो. मला ते अन्यायाचं वाटतं.

३. उतारा झाकून प्रश्न सोडवून घ्या.
छापण्याआधी चार-सहा मुलांना फक्त प्रश्न द्यावेत, उतारा देऊ नये. मधमाश्यांवरच्या उताऱ्याखाली ‘मधमाश्या नष्ट झाल्या तर काय होईल?’ असा प्रश्न असेल, तर विज्ञानाच्या तासाला ऐकलेलं मुलं बिनचूक लिहितील. उतारा न वाचताच पूर्ण गुण! असा प्रश्न चांगला असेलही, पण तो वाचन मोजत नाही. त्याऐवजी ‘लेखकाने शेतकऱ्याचा अनुभव आकडेवारीच्या आधी का सांगितला असेल?’ असं विचारावं. बहुपर्यायी प्रश्नांचं तर ही परीक्षा घेतल्याशिवाय खरं नाही. चार पर्यायांतला सर्वांत लांबलचक पर्याय बरोबर असतो, हे मुलांनी केव्हाच हेरलेलं असतं.

४. सोप्या-अवघडाचं प्रमाण आधी ठरवा.
चौथीच्या मुलांच्या वाचनाची ‘पर्ल्स’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी २००१पासून दर पाच वर्षांनी होते. तिच्या आराखड्यात थेट दिलेली माहिती शोधण्याला २० टक्के वाटा असतो. सरळ निष्कर्षाला ३०, अर्थ लावून मुद्दे जोडण्याला ३० आणि मजकुराचं मूल्यमापन करण्याला २०. आपला एखादा जुना पेपर या चार रकान्यांत मांडून बघा. पहिला रकानाच फुगलेला दिसतो.

५. लेखनाला वाचक द्या.
‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय दिला की पाठ केलेला निबंध कागदावर उतरतो. ‘शाळा सुटल्यावर गावाकडे जायला दोन तास एसटी नाही. सोबतच्या वेळापत्रकाचा आधार घेऊन आगार व्यवस्थापकांना पत्र लिहा’ असं दिलं, की मुलाला वेळापत्रक वाचावं लागतं, मुद्दे निवडावे लागतात, समोरच्या माणसाला पटवावं लागतं. वाचन आणि लेखन एकाच कृतीत तपासलं जातं.

६. गुणदानाचे निकष पेपरबरोबरच लिहा.
मुद्दे, मांडणीचा क्रम, वाचकाचं भान आणि लेखननियम यांचे गुण वेगवेगळे ठेवावेत. ‘पोरं सायकलनी येत्यात’ असं लिहिणाऱ्या मुलाचा मुद्दा भक्कम असेल, तर मुद्द्याचे गुण पूर्ण द्यावेत. बोलीतल्या रूपांबद्दल काय कापायचं ते लेखननियमांच्या रकान्यात, आणि तिथंच थांबावं. तपासणीला बसण्याआधी दोन शिक्षकांनी तेच पाच पेपर वेगवेगळे तपासून गुण ताडून पाहावेत.

७. अपठिताला जागा वाढवून द्या.
दहावीच्या कुमारभारतीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्याला फक्त ४ गुण आहेत. पठित गद्याला त्याच विभागात १४. पठित उताऱ्यांवरच्या कृती आणि त्यांची उत्तरं गाइडमध्ये तयार मिळतात, त्यामुळे मूल अनोळखी मजकूर स्वतः वाचू शकतं का, याची खरी कसोटी त्या ४ गुणांतच लागते. मंडळानं हे गुण वाढवावेत. तोवर निदान घटक चाचण्यांत अर्धे गुण अपठिताला देणं आपल्याच हातात आहे, ते तरी या सत्रापासून सुरू करा.